बिनअक्षरी लोखंड

तुळशीराम खरात यांचा पहिला फोन आला त्या दिवशी आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर युक्रेनच्या युद्धाचा फोटो होता. खाली ओळ होती, ‘बर्फात रुतलेला रशियन रणगाडा’. जालन्याच्या कार्यालयात फोन मी उचलला. समोरचा माणूस नमस्कार न करता ओरडूनच बोलायला लागला.

“तुमी तोफेला रनगाडा म्हनून राह्यले. पट्ट्यावर चालती म्हनून काय झालं? तोफ हाये ती. नाव कार्नेशन.”

“काय नाव?”

“कार्नेशन. फूल असतं न्हाई का, लग्नाच्या गुच्छात घालतेत ते. रशियाच्या भाषेत ग्वोझ्दिका म्हनतेत. फुलाचं नाव हाये.”

मी आभार मानून फोन ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याला सांगितलं की एका वेड्याचा फोन होता. मग तपासून पाहिलं. नाव खरं होतं. त्याच फौजेच्या आणखी एका तोफेचं नाव बाभळीच्या जातीतल्या एका झाडावरून होतं, एकीचं पिओनी या फुलावरून. जगातले सर्वांत जड गोळे फेकणाऱ्या त्यांच्या उखळी तोफेचं नाव ट्यूलिप होतं. वर्तमानपत्रात चुका रोज होतात, त्यांची सवय असते. पण वस्ती उद्ध्वस्त करणाऱ्या नळीला कुणीतरी टेबलाशी बसून बागेतलं नाव दिलं होतं, त्यावर वरिष्ठाची सही झाली होती, आणि इतकी वर्षं युद्धाच्या बातम्या लावणाऱ्या आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दुपारी बराच वेळ मी दुसरी बातमी हातात घेऊ शकलो नाही.

आम्ही दुरुस्ती छापली. ती नीट छापली आहे का हे पाहायला खरात स्वतः कार्यालयात आले. उंच, किडकिडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बुटांना पॉलिश. डावा कान नोकरीत असताना गेला होता. त्यामुळे ते बोलणाऱ्याकडे उजवी बाजू करून बसत आणि आपल्यासारखेच बाकीचेही बहिरे आहेत असं धरून बोलत. दुरुस्ती त्यांनी उभ्यानं वाचली आणि म्हणाले, “बराबर.” नंतरच्या ओळखीत त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं आठवत नाही.

ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. घर मंठ्याला, बौद्धवाड्यात. वडील मंठ्याच्या मोंढ्यात हमाली करत. खरातांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कोठारांत गेली. “मी गोळी झाडली न्हाई, गोळ्या सांभाळल्या,” असं ते सांगत. मधली काही वर्षं ते शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत होते. तिथं बंडखोरांकडून काढून घेतलेला दारूगोळा ढिगानं येई. कुठल्या देशाचा, कोणत्या वर्षाचा, आत काय भरलंय, हे त्यावरची अक्षरं वाचून ठरवायचं आणि मग तो नष्ट करायचा, हे त्यांच्या तुकडीचं काम होतं. “तिथं मी दुनिया वाचली,” ते म्हणत.

कोठारात वस्तूचं नाव उलटं लिहितात. आधी वस्तू, मग ती कशाची, मग रंग, मग माप. बूट, चामडी, काळे. ताडपत्री, हिरवी, मोठी. ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जालन्याला आले की कार्यालयाखालच्या टपरीवर ते “चहा, बिनसाखर, कप, एक” असं मागत. टपरीवाले रशीदभाई ती भाषा लगेच शिकले.

“खारी, कुरकुरीत, नग, दोन?” त्यांनी एकदा विचारलं.

“कुरकुरीत हे नावात येत न्हाई, रशीदभाई,” खरात गंभीरपणे म्हणाले. “ती आशा हाये.”

सायकलची साखळी बदलली तेव्हापासून ते तिला ‘सायकल, मार्क दोन’ म्हणायला लागले. वस्तूत काही सुधारणा झाली की नाव तेच ठेवायचं आणि मार्कचा आकडा वाढवायचा, ही इंग्रजांची रीत. मंठ्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी ओळख करून दिली, “पत्नी, सुमन, मंठा.” आतून सुमनबाईंचा आवाज आला, “वर्ष सांगू नका म्हनावं. न्हाईतर भंगारात काढतेल मला.”

पुढे युद्धाचा कुठलाही फोटो आला की आम्ही तो छापण्याआधी खरातांच्या मोबाइलवर पाठवू लागलो. उत्तर आवाजात यायचं आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जायचं. एकेका फौजेच्या नाव ठेवण्याच्या तऱ्हा आम्हाला त्यातून कळल्या.

“अमेरिकेला एम लई आवडतो. बंदूक एम एक, रनगाडा एम एक, डोक्यावरचा टोप बी एम एक. म्हंजे म्हैस, मेव्हणी आन मोटार, तिघींचं नाव एकच. हाक मारली की कोन येईल सांगता येत न्हाई.” जुन्या जपानी बंदुकांवर राजाच्या गादीचं वर्ष असे. ते वर्ष कळलं तर बंदूक कळली. रशियाच्या विमानांची खरी नावं पश्चिमेकडच्या फौजांना कळत नसत, म्हणून त्यांनीच त्यांना नावं ठेवली. बॉम्ब टाकणारं असेल तर इंग्रजी बी अक्षरावरून. नाव एका झटक्यात म्हणता आलं तर पंख्याचं विमान, दोन झटक्यांत म्हणावं लागलं तर जेट. रेडिओवर ओरडताना घोळ नको, एवढाच त्यामागचा हिशेब.

इंग्रजांचा एक प्रकार सांगताना मात्र त्यांचा आवाज चढला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी गुप्त हत्यारांना एक रंग आणि एक भलताच शब्द जोडून नावं दिली. नावावरून काहीच समजू नये हा हेतू. “एकाचं नाव निळा मोर. काय व्हतं माहिताय? जमिनीत पुरून ठेवायचा अनुबॉम्ब. खाली पुरायचा, वर माणसं ऱ्हातेत. मोर म्हनून राह्यले त्याला!” हे त्यांनी टपरीवर सांगितलं. रशीदभाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“आपली?” मी विचारलं. “अग्नी, पृथ्वी, आकाश?”

ते म्हणाले, “आपली बी तशीच. आकाश म्हनलं की लेकरू वर बघून हसतं.”

त्यांना पटलेलं एकच नाव होतं. रशियाच्या रॉकेटच्या एका गाडीला त्यांच्या भाषेत गारपीट म्हणतात. “हे बिलकुल बराबर. मोसंबीच्या बागेवर गार पडल्यावर काय ऱ्हातं, ते आपल्याकडं कुनाला सांगावं लागत न्हाई.”

एकदा आम्ही एक वेगळाच फोटो पाठवला. छोट्या ड्रोनखाली बांधलेली एक नळी, मागं प्लास्टिकचे पंख. त्यावर त्यांचं उत्तर तुटक आलं. “हे हत्यार न्हाई, जुगाड हाये. कुन्या शेडमधी बसून केलंय. याला नावच न्हाई. छापायचं तर छापा.” त्या आवाजातली तुच्छता मला तेव्हा गमतीची वाटली.

नावांबद्दलचा त्यांचा राग कागदापुरता होता. कागदावर कुणी काहीही लिहो, लोखंडावर ठोकलेली अक्षरं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. गोळ्याच्या अंगावर देश असतो, कारखाना असतो, वर्ष असतं, आत काय भरलंय ते असतं. बनवणाऱ्याला तो आपल्याच सैनिकाच्या हातात द्यायचा असतो, म्हणून तिथं त्याला खरं लिहावंच लागतं. हे ते ठामपणे सांगत आणि त्यात काही चूक काढता येत नसे.

जालन्यात सळई बनते. ती भंगारापासून बनते आणि भंगार जगभरातून येतं. बंदरातून आलेला कंटेनर औद्योगिक वसाहतीत रिकामा होतो, क्रेनचा लोहचुंबक ढीग उचलून छाटणीच्या जागेवर टाकतो, आणि बायका तो हातांनी वेगळा करतात. पत्रा इकडे, बीड म्हणजे ओतीव लोखंड तिकडे, बंद नळ्या आणि टाक्या गॅसकटरकडे. बंद नळी तशीच भट्टीत गेली तर फुटते, म्हणून ती आधी कापतात. जिथं लढाया होतात तिथलं लोखंडही भंगारातच जातं. त्यामुळे मोटारींच्या सांगाड्यांबरोबर कधी तोफगोळ्यांच्या पुंगळ्या येतात, कधी गोळेही.

अशाच एका कारखान्यात खरात गेटवर पहारेकरी म्हणून लागले. मुलगा शिक्षक होता, नोकरीची गरज नव्हती. घरी बसवत नाही, असं ते म्हणाले. लागून थोडेच दिवस झाले असतील, गेटवरून त्यांना क्रेनला लटकलेल्या ढिगात एक आकार दिसला. ते पळत गेले आणि चुंबकाखाली जाऊन उभे राहिले. क्रेनवाल्याला थांबावंच लागलं. मॅनेजर धावत आले.

“सुभेदार, तुमची जागा गेटवर आहे.”

“मी गेटवर ऱ्हायलो असतो,” खरात म्हणाले, “तर तुमी आता तिथं असते.” आणि त्यांनी वर आभाळाकडे बोट केलं.

गोळा भरलेला निघाला. पोलिसांचं पथक येऊन घेऊन गेलं. त्यानंतर मॅनेजरनं त्यांना गेटवरून काढून छाटणीच्या ढिगावर नेमलं. त्या बायकांचे हात शाबूत राहावेत, एवढंच आता त्यांचं काम होतं.

खरातांनी बायकांसाठी एक नियम केला. कुठलीही वस्तू कळली नाही तर आधी ओलं फडकं मारायचं. अक्षर, आकडा किंवा रंगाचा पट्टा दिसला की हात काढायचा, मागं सरायचं आणि त्यांना हाक मारायची. काहीच दिसलं नाही तर ते लोखंड. शेडच्या भिंतीवर त्यांनी खडूनं रशियन, चिनी, अरबी अक्षरं काढून ठेवली होती. वाचायची नव्हती, ओळखायची होती. नियम सोपा होता आणि लागू पडला. या नियमानं रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, एकदा उखळी तोफेचा जिवंत गोळाही सापडला. कुणाला खरचटलं नाही. शेजारच्या कारखान्यांतल्या बायकाही जेवणाच्या सुट्टीत भिंत बघायला येऊ लागल्या. मी यावर लेख लिहिला. त्यात नियमाचं कौतुक होतं.

लेखासाठी गेलो तेव्हा चंद्रकला बोर्डे यांना पाहिलं. छाटणीच्या टोळीत त्या सगळ्यांत जलद होत्या. दोन मुलींची आई, बोलायला तिखट. खरातांना त्या मामा म्हणत आणि सोडत नसत.

“मामा, एवढ्या तोफांची नावं पाठ हायेत. मामीचा वाढदिवस कदी असतो?”

“तो शिक्का पुसलाय,” खरात म्हणाले.

बायका हसल्या. जेवणाचे डबे उघडले होते. कुणीतरी विचारलं की सगळ्यात मोठ्या बॉम्बचं नाव काय होतं. खरातांनी भाकरी खाली ठेवली. जपानवर टाकलेल्या पहिल्या अणुबॉम्बचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मग मराठीत, “छोटा पोरगा.”



“कोन्या आईनं ठेवलं हे नाव?” चंद्रकलाबाईंनी विचारलं.

“आईनं न्हाई. हापिसात ठेवलं.”

“किती मेले?”

“शहर गेलं.”

चंद्रकलाबाईंनी डबा झाकला. “तुमच्याजवळ जेवायला बसायचं येकच बरं हाये, मामा,” त्या म्हणाल्या. “भाकर कमी लागती.” पुन्हा हसू झालं, पण आधीसारखं नाही. सुट्टी संपली आणि त्या ढिगावर गेल्या. मी काही वेळ पाहत होतो. वस्तू उचलायची, फडकं मारायचं, एक बाजू, दुसरी बाजू, मग फेकायची. हात थांबत नव्हता आणि एकदाही घाई करत नव्हता.

लेख छापून आल्यावर काही आठवड्यांनी स्फोट झाला, तो याच जागी, सकाळच्या पाळीत. मी पोहोचलो तेव्हा चंद्रकलाबाईंना दवाखान्यात हलवलं होतं. ढिगाजवळ एक चप्पल आणि ओलं फडकं पडलं होतं. बरोबरच्या बायकांनी जे सांगितलं त्यात तफावत नव्हती. एक बंद नळी आली. हातभराहून लहान, गंजलेली, एका टोकाला वितळल्यासारखं काहीतरी चिकटलेलं. चंद्रकलाबाईंनी फडकं मारलं. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली. अक्षर नव्हतं, रंग नव्हता. नियमाप्रमाणे बंद नळी गॅसकटरकडे जाते, म्हणून तिकडे टाकायला हात मागं घेतला. तेवढ्यात ती हातातच फुटली. उजवा हात मनगटापासून गेला.

पोलिसांच्या पथकातल्या माणसानं उरलेला भाग पाहून सांगितलं की फक्त तोंडाकडचा भाग उडाला आहे, पोटातलं तसंच आहे. ते पेटलं असतं तर छाटणीच्या जागेवर कुणी उरलं नसतं. नळी कुठल्याही फौजेच्या कारखान्यातली नव्हती. चिकटलेलं काहीतरी म्हणजे प्लास्टिकच्या पंखांची खोडं होती. ड्रोनला बांधून टाकण्यासाठी कुठेतरी शेडमध्ये, मिळेल त्या नळीतून ती बनवली होती.

हे ऐकताना खरात माझ्याजवळ उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. तो फोटो त्यांना आठवला असणार. मला आठवला. आम्ही पाठवलेला, त्यांनी जुगाड म्हणून बाजूला सारलेला. जे नाव देण्याच्या लायकीचं नाही असं त्यांना वाटलं होतं, ते भिंतीवरच्या एकाही अक्षरात बसत नव्हतं. त्यांच्या नियमाच्या उरलेल्या अर्ध्या भागात ते अचूक बसत होतं. काहीच दिसलं नाही तर ते लोखंड. इतके दिवस तो अर्धा भाग त्यांच्या, माझ्या, मॅनेजरच्या, कुणाच्याच नजरेला खुपला नव्हता. मी तर तो छापला होता.

पंचनामा शेडमध्ये सुरू झाला. वस्तूचं वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा फौजदारानं विचारलं, “काय लिहू?”

“हवेचा सिलिंडर,” मॅनेजर म्हणाले. “भंगारात येतातच. दाबानं फुटला.”

सिलिंडर म्हटलं तर तो कामावरचा अपघात होता. छाटणी ठेकेदाराची, हयगय बाईची. स्फोटक म्हटलं तर कंटेनर कुठून आला, कुणी तपासला, इथपासून चौकशी होती आणि कारखाना बंद होता. चंद्रकलाबाईंना भरपाई मिळणार की निष्काळजीपणाचा ठपका, हे त्या एका शब्दावर होतं. पथकाचा लेखी अहवाल यायला वेळ लागणार होता आणि तोवर पंचनाम्यातलंच नाव चालणार होतं. मॅनेजर खरातांना थोडं बाजूला घेऊन बोलले, पण त्या कानाशी हळू बोलता येत नसे, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

“सुभेदार, तुम्ही जाणकार आहात. तुम्ही सिलिंडर म्हणालात तर विषय संपतो. यात तुमचंही नाव येत नाही.”

खरात फौजदाराकडे गेले आणि ताठ उभे राहिले.

“लिहा. हत्यार, स्फोटक, लोखंडी नळीतलं, नग, एक. देश माहीत न्हाई. वर्ष माहीत न्हाई. नाव न्हाई.”

फौजदार लिहीत होता.

“आन खाली लिहा. अक्षर नसंल तर लोखंड समजा, असं या बायकांना मी शिकवल्तं. तुळशीराम खरात, सुभेदार, निवृत्त. बाईनं सांगितल्यापरमानं बराबर केलं. शिकवनं चुकीचं व्हतं.”

मॅनेजर बाहेर गेले. बायकांपैकी एक मोठ्यानं रडायला लागली. ती चंद्रकलाबाईंसाठी रडत होती की आता कारखाना बंद होणार म्हणून, हे सांगता येत नव्हतं. कारखाना बंद झाला. पुढे बऱ्याच दिवसांनी सुरू झाला तेव्हा खरातांना परत बोलावलं नाही. टोळीतल्या काही बायकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, “सिलिंडर म्हनलं असतं तर मामाचं काय गेलं असतं?” चंद्रकलाबाईंचा दावा पंचनाम्यातल्या त्या ओळींवर उभा आहे आणि अजून चालू आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात मी खरातांबरोबर गेलो. त्यांनी कपड्यांना इस्त्री केली होती. वॉर्डात चंद्रकलाबाई खाटेवर बसल्या होत्या, थोरली मुलगी त्यांना वरण-भात भरवत होती. उजव्या हाताला बँडेज. खरातांना पाहून त्यांनी पदर सारखा करायला उजवा हात उचलला, मग तो खाली ठेवला आणि डाव्यानं केला.

“मामा, मी फडकं मारल्तं,” त्या लगेच म्हणाल्या. जणू तेच सांगायला इतके दिवस थांबल्या होत्या. “दोन्ही बाजूनं बघितलं. येक बी अक्षर नव्हतं. देवाशपथ नव्हतं. मंग मपलं चुकलं कुठं?”

खरात हळू बोलले. त्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “तुझं न्हाई चुकलं, बाई.”

“काय म्हनले?” त्यांनी मुलीकडे पाहिलं.

“आईला नीट ऐकू येत न्हाई आता,” मुलगी म्हणाली.

खरात वाकले आणि नेहमीच्या आवाजात, सगळा वॉर्ड वळून पाहील अशा आवाजात म्हणाले, “तुझं न्हाई चुकलं. मपलं चुकलं.”

चंद्रकलाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मुलीच्या हातातला घास तसाच होता. “तुमचं?” त्या म्हणाल्या. हा विचार त्यांच्या मनात तोपर्यंत आलाच नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. आता तो आला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खरात बराच वेळ खाटेपाशी उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मग आम्ही निघालो.

त्यानंतर ते औद्योगिक वसाहतीत दिसतात असं कानावर येऊ लागलं. पाळी बदलायच्या वेळेला कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर उभे राहतात, छाटणीच्या बायकांना थांबवतात. पगार कुणाचा नाही. काही ठिकाणी हाकलतात, काही ठिकाणी आत सोडतात. रशीदभाईंना ते म्हणाले होते की शिकवलेलं काढून घ्यायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. टपरीवर ते आता “एक चहा द्या” म्हणतात, असंही रशीदभाईंनीच सांगितलं. ते त्यांना आवडलेलं नव्हतं, हे सांगतानाच दिसत होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच एका कारखान्याच्या आवारात. भट्टीच्या बातमीसाठी गेलो होतो. छाटणीच्या जागेवर नवीन टोळी होती आणि ढिगाच्या कडेला खरात उभे होते, अंगात खाकी शर्ट. भिंतीवर एकही अक्षर काढलेलं नव्हतं.

“बंद हाये, जड हाये, काय हाये ते कळत न्हाई. यातलं काही बी वाटलं की ठेवायचं आन मागं सरायचं,” ते ओरडून सांगत होते. “बघत बसायचं न्हाई. फडकं मारायचं न्हाई.”

“असं केलं तर दिवसाला पाटीभर बी माल निघनार न्हाई,” टोळीतली एक बाई म्हणाली.

“नको निघू द्या.”

काम सुरू झालं. थोड्याच वेळात त्या बाईच्या हातात एक नळी आली. तिनं ती पाहिली, हळूच खाली ठेवली आणि मागं सरली. बाकीच्या बायका तिला पाहून मागं सरल्या. खरात पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून ढीग आणि बायका यांच्या मधे उभे राहिले. क्रेन थांबली. आवारातला आवाज एकदम कमी झाला.

ठेकेदार चिडून आला. त्याच्या सांगण्यावरून एका मिस्त्रीनं लांबून, खाली वाकून नळी नीट पाहिली. मग तो हसला, जवळ गेला आणि ती उचलून सगळ्यांना दाखवली. मोटारसायकलचा शॉकॅब्सॉर्बर होता. बायका हसायला लागल्या. जिनं नळी ठेवली होती ती लाजून पदरात तोंड लपवत होती.

“बघा, सुभेदार,” ठेकेदार म्हणाला. “हीरो करून ठेवलंय शॉकॅबला. आता चालू करू देता का काम?”

बायका पुन्हा ढिगाकडे निघाल्या होत्या. खरात हसले नाहीत. “असू द्या,” ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात अजून पसरलेलेच होते.